तंबू फाटलाय म्हणे

(डिचोली. रविवारची सकाळ. बाहेरच्या खोलीत लादीवर तंबूचं कापड, खांब, दोऱ्या आणि एक नकाशा पसरलेला. गौरेश, त्याची बायको सेजल, आणि खिडकीजवळ खुर्चीवर बसलेली गौरेशची आजी, चंद्रावती.)

चंद्रावती : आणि त्या दाजीपुरात जाऊन करणार काय?

गौरेश : राहणार, आजी. अभयारण्य आहे ते. गवे दिसतात.

चंद्रावती : गवे. मागच्या महिन्यात लाटंबार्शाला गोकुळदासाच्या काजूत तीन गवे शिरले. तू तिथेच होतास. गाडीच्या काचा वर करून बसलास आणि हॉर्नसुद्धा वाजवला नाहीस, त्यांना राग येईल म्हणून.

सेजल : ते फुकटचे गवे होते, आजी. ते बघण्यात काय मजा?

चंद्रावती : पहिल्यापासून वाच बघू तो कागद. नीट वाच. शाळेत गिळायचास तसे शब्द गिळू नकोस.

गौरेश : बुधवारी पहाटे निघायचं. दोडामार्ग, तिलारी, घाट चढून पारगड. किल्ला बघायचा आणि पहिला मुक्काम तिथेच. गुरुवारी आंबोली, आजरा, राधानगरी करत संध्याकाळी दाजीपूर. दोन रात्री जंगलात तंबू. शनिवारी पन्हाळा. रविवारी गगनबावड्याहून खाली उतरून मालवण, सिंधुदुर्ग किल्ला, आणि रात्री घरी.

चंद्रावती : पाच दिवसांत तीन किल्ले आणि दोन जंगलं. बाजारात बैल घेणारासुद्धा एका बैलाला याहून जास्त वेळ बघतो.

सेजल : मीही तेच म्हटलं होतं. म्हटलं, एका जागी जाऊन पडून राहू. पण ह्याला सगळ्या किल्ल्यांच्या दारात उभं राहून फोटो पाहिजेत.

गौरेश : तूच म्हणालीस पन्हाळा राहू दे यादीत.

सेजल : राहू दे म्हणाले. आधीच्या चार जागा मी नव्हत्या लिहिल्या.

चंद्रावती : आणि ही निळी पिशवी कसली?

गौरेश : गादी आहे. हवा भरायची. पायाने दाबायचा पंप आहे.

चंद्रावती : आणि तो डबा?

सेजल : तो संडास, आजी. घडीचा. जंगलात लागतो.

चंद्रावती : जंगलात संडास लागतो? मग घर सोडून जाताच कशाला? तुझा आजोबा, गौरेश, बत्तीस वर्षं खाणीवर ट्रक चालवायचा. बार्ज भरायची घाई असली की चार-चार रात्री घरी यायचा नाही. ट्रकाखाली पोतं टाकायचा, उशाला चप्पल घ्यायचा आणि झोपायचा. लाल माती नाकातोंडात. त्याला कोणी म्हटलं नाही की काय हो, निसर्गात राहून आलात. त्याची पाठ गेली, एवढंच त्याला मिळालं.

गौरेश : आजी, लोक आता हौस म्हणून जातात. सगळं जग जातं.

चंद्रावती : जाऊ दे जगाला. बुधवार म्हणालास ना? बुधवार ते शनिवार?

गौरेश : रविवार.

चंद्रावती : शनिवारपर्यंतच मला काम आहे. बुधवारी संध्याकाळी आंबेखोलची गावपळण सुरू होते. माझ्या माहेरची. तुला ठाऊक आहे.

गौरेश : ...हो. ऐकलं मी.

सेजल : म्हणजे ते गाव सोडून जायचं? मी नुसतं ऐकलंय. आमच्या हरमलात असलं काही नाही. आमच्याकडे उलट आहे, बाहेरचे येऊन राहतात आणि जायचं नाव घेत नाहीत.

चंद्रावती : चार वर्षांनी एकदा येते, कधी पाच. रवळनाथाला कौल लावतात. गुरव मूर्तीला पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो, आणि उजवी पाकळी पडली की देव म्हणाला जा. मग गावचे बारा-पाच मानकरी दिवस ठरवतात. त्या संध्याकाळी ढोल वाजला की चुली विझवायच्या, दारांना कड्या घालायच्या आणि ओहोळापलीकडच्या माळावर जायचं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. तीन रात्री झावळांच्या झोपड्यांत राहायचं. चौथ्या दिवशी परत कौल. देवाने हो म्हटलं तर घरी, नाही म्हटलं तर आणखी एक रात्र.

सेजल : आणि मांजरं?

चंद्रावती : मांजर कोणी नेत नाही. ते आधीच जाऊन बसलेलं असतं.

सेजल : आणि तीन दिवस देव गावात एकटाच. त्याला माणसांचा वीट येत असणार. मला पटतो असा देव. सासरी आल्यापासून मलाही कधीकधी तसंच वाटतं.

चंद्रावती : तुला पटो न पटो. आम्ही चारशे माणसं तशी राहायचो, पंप न दाबता. रात्री भजन, फुगड्या. एकाच हंड्यात चाळीस घरांची पेज. कोणी कागदावर लिहून नेलं नाही की सात वाजता सूर्य बघायचा आणि आठ वाजता शेकोटी.

गौरेश : आजी, तुला जायचंय का गावपळणीला? मी पंढरी टॅक्सीवाल्याला सांगतो. मंगळवारी तुला सोडून येईल.

चंद्रावती : मला कोण सोडणार आणि कोण आणणार ते मी बघेन. अनंताला माळावर कोण नेणार ते सांग.

सेजल : अनंत आजोबा म्हणजे तुमचे भाऊ? ते पावसाळ्यात पडले ते?

चंद्रावती : माझा एकच भाऊ. त्र्याऐंशीचा. न्हाणीतल्या धोंड्यावरून घसरला आणि खुब्याचं हाड गेलं. तेव्हापासून खाटेवर. कूस बदलायची तर दुसऱ्याने बदलायची.

सेजल : मग त्यांचं काय ठरलंय?

चंद्रावती : काय ठरणार? त्याची सून तेजस्विनी म्हणाली, तीन दिवस इस्पितळात ठेवू. डॉक्टर म्हणाला, दुखणं नाही तर खाट नाही. आणि मागच्या खेपेला दहा दिवस तिथे होता तर पाठीला जखमा घेऊन आला, वर पोटच्या पोराला विचारू लागला की आपण कोणाचे. मग म्हणाली, कुडाळला माझ्या बहिणीकडे नेऊ. बहीण तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. झोपडीत जमिनीवर निजवायचा तर थंडीने जाईल. शेवटी ठरलं असं की त्याला घरातच ठेवायचा. बाहेरून कडी. त्याचा पोरगा योगेश रात्री काळोखातून मागच्या दाराने येणार, पेज भरवणार, अंग पुसणार आणि परत जाणार. मानकऱ्यांना विचारलं तर म्हणतात, आम्हाला काही दिसलं नाही.

सेजल : मग आजी, राग मानू नका, पण बरंच आहे ना? आपल्या खाटेवर, आपल्या घरात. त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाला देव काय करणार?

चंद्रावती : देव काय करील ते देवाला विचार. मी देवाचं बोलतच नाही.

गौरेश : पण आजोबा स्वतः तयार आहेत ना? योगेशकाका म्हणाले, अप्पांनीच सांगितलंय, मला ठेवा म्हणून.

चंद्रावती : हां. योगेश म्हणाला. कधी म्हणाला रे?

गौरेश : असंच. फोनवर.

चंद्रावती : सेजल, हा तंबू उभा केला तर उंची किती?

सेजल : मी उभी राहते आत. सहा फूट असेल.

चंद्रावती : आणि खालून गारवा येतो?

सेजल : नाही, खाली जाड कापड शिवलेलं आहे. वारासुद्धा येत नाही. कशाला?

चंद्रावती : मला हा तंबू पाहिजे. खाट मावेल असा. ती हवेची गादी पाहिजे, अनंताच्या पाठीला बरी. आणि गाडी, मागची बाकं आडवी करून. घरापासून माळापर्यंत दीड कोस. बुधवारी न्यायचा, शनिवारी परत आणायचा.

गौरेश : आजी, हे आता सांगतेस? दाजीपूरचं सगळं झालंय. वनखात्याचा परवाना आलाय. सेजलला लग्नानंतर पहिल्यांदा अशी सलग रजा मिळालीय. कंपनीत दोनदा अर्ज परत आला, विचार तिला.

सेजल : हे खरं आहे, आजी. दोन वर्षं झाली. चतुर्थीलासुद्धा मला दीड दिवस मिळाला होता.

गौरेश : आपण पुढच्या महिन्यात आजोबांना भेटायला जाऊ. सगळे जाऊ.

चंद्रावती : गावपळण पुढच्या महिन्यात नेऊ? रवळनाथाला कळवतोस तू, परवाना आलाय म्हणून?

गौरेश : तसं नाही. योगेशकाकांनी कुडाळात भाड्याने आणावा. मंडपवाले देतात.

चंद्रावती : योगेशाने मंडपवाल्याला नाही विचारलं. तुला विचारलं. गेल्या रविवारी. आणि तू म्हणालास, तंबू फाटलाय.

सेजल : काय?

चंद्रावती : काल अनंताचा फोन होता. म्हणाला, चंद्रे, पोराच्या तंबूला भोक पडलंय म्हणे, बिचारा हिरमुसला असेल. माझ्यासाठी नवा घ्यायला लावू नकोस त्याला. मी बघत होते ह्या तंबूकडे. सकाळपासून बघतेय. भोक काही दिसत नाही. म्हातारीचे डोळे.

सेजल : तू मला सांगितलंस योगेशकाकांनी सहज फोन केला. चौकशीला.

गौरेश : चौकशीच केली त्यांनी. त्यात तंबूचं निघालं. मला वाटलं, त्यांना स्वतःला पाहिजे, झोपडी बांधायचा कंटाळा म्हणून.

चंद्रावती : खोटं बोलायचं तर एकावर थांबावं. योगेशाने पहिलं वाक्य हेच म्हटलं की अप्पांसाठी.

सेजल : गौरेश?

गौरेश : ...म्हटलं होतं.

सेजल : मग?

गौरेश : मग काय? नवा तंबू आहे. अजून एकदाही उभा केला नाही बाहेर. त्यात तीन दिवस... अंथरुणाला खिळलेला माणूस...

चंद्रावती : बोल की पुढे. वास येईल. बोल, मी काही देवळात जाऊन सांगत नाही.

गौरेश : मी तसं म्हटलं नाही.

चंद्रावती : म्हणायला सुद्धा छाती लागते. ती नाही म्हणून भोक पाडलंस. अनंताने तुला खांद्यावर घेऊन अख्खी जत्रा फिरवली होती, सहा वर्षांचा असताना, आणि त्याच्या सदऱ्यावर तू काय केलं होतंस ते सगळ्या गावाने बघितलं. त्याने सदरा काढला, ओहोळात खळबळला आणि ओलाच अंगात घातला. नवाच होता तोही. शिरा पडो तुझ्या तंबूवर.

सेजल : आजी, थांबा. मला एक सांगा. समजा तंबू नाही. समजा खरंच फाटलेला असता. अनंत आजोबा म्हणतायत मी राहतो. तुम्ही म्हणता देवाचं काही नाही. मग भीती कसली आहे तुम्हाला? योगेशकाका रोज जाणार आहेत.

चंद्रावती : तुला माहीत नाही रिकामा गाव म्हणजे काय ते. रात्री कोंबडा नाही, कुत्रं नाही, कोणाच्या खोकल्याचा आवाज नाही. तू हरमलची. तुझ्याकडे समुद्र तरी असतो.

सेजल : तुम्हाला कसं माहीत? तुम्ही तर माळावर असायचा.

चंद्रावती : मी माळावरच होते. नऊ वर्षांची. आमच्या घरात वत्सला आते होती, बापाची बहीण. विधवा होऊन परत आलेली. गावपळणीच्या आठ दिवस आधी तिला ताप भरला, उतरेना. डोलीतून न्यायची तर चार माणसं पाहिजेत, आणि त्या चौघांना आपापली गुरं होती. माझा बाप म्हणाला, घरातच वर माळ्यावर ठेवू. कोणाला कळणार नाही. आईने पेजेचं भांडं आणि पाण्याची घागर भरून दिली. अनंत चौदा वर्षांचा. तो शिडीवरून वर गेला आणि दोन्ही ठेवून आला. मग बापाने शिडी काढून गोठ्यात नेऊन ठेवली.

सेजल : शिडी कशाला काढली?

चंद्रावती : ती तापात खाली उतरेल, अंगणात येईल, कोणी लांबून बघेल. म्हणून.

गौरेश : हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

चंद्रावती : तुला गोष्टी पाहिजे असतात त्या वाघाच्या. आम्हा दोघांना बजावलं होतं, माळावर कोणी विचारलं तर आते बांद्याला मावशीकडे गेलीय म्हणायचं. मी तीन दिवस फुगड्या घातल्या आणि विचारील त्याला सांगितलं, आते बांद्याला. अनंताने कोणालाच काही सांगितलं नाही. तो जेवलासुद्धा नाही, तीन दिवस. चौथ्या दिवशी कौल झाला, आम्ही घरी आलो. बाप शिडी आणायला गोठ्यात गेला तोवर अनंत खांबाला धरून वर चढला होता.

सेजल : मेल्या होत्या?

चंद्रावती : नाही. ताप उतरला होता. भिंतीला टेकून बसली होती. पेज संपवली होती, पण घागर तशीच भरलेली. अनंताने विचारलं, आते, पाणी का नाही प्यायलीस? ती म्हणाली, प्यायले असते तर उतरावं लागलं असतं रे, आणि शिडी नव्हती.

सेजल : आणि पुढे?

चंद्रावती : त्यानंतर अकरा वर्षं जगली. त्या तीन दिवसांबद्दल कोणाला एक शब्द बोलली नाही. भांडली नाही, बापाशी तर पहिल्यासारखीच वागायची. फक्त रात्री दिवा मालवला की विचारायची, सगळे आहात ना घरात? रोज. पाहुणे असले तरी. बाप गप्प राहायचा. आई भिंतीकडे तोंड करायची. अनंत म्हणायचा, आहोत, आते. अकरा वर्षं त्याने एकट्याने उत्तर दिलं. शिकायला सावंतवाडीला जायचं होतं त्याला, मास्तरांनी सांगितलंही होतं. गेला नाही. मला तेव्हा वाटायचं, आळशी आहे.

गौरेश : म्हणून आता आजोबा म्हणतायत...

चंद्रावती : माका हंयच ऱ्हवांदे, चंद्रे. असं म्हणाला काल फोनवर. मला इथेच राहू दे. मी म्हटलं, का रे? तर म्हणतो, आता माझी पाळी. शहाणा. त्याला वाटतं तो काहीतरी मोठं करतोय. आयुष्यभर एक काम धड केलं नाही, आणि आता पडल्या पडल्या हे. मूर्ख म्हातारा.

सेजल : तुम्ही त्यांना काय म्हणालात?

चंद्रावती : फोन आपटला. आणि मग हा पोरगा आतून आला आणि मला विचारतो, आजी, शेकोटीवर कांदे भाजायचे की बटाटे?

गौरेश : मला माहीत नव्हतं, आजी. हे सगळं.

चंद्रावती : तंबू अप्पांसाठी हवाय हे तुला माहीत होतं. तेवढं पुरे होतं.

सेजल : गौरेश, दाजीपूरला फोन लाव. नाही येत म्हणून सांग.

गौरेश : सगळंच? निदान शनिवारी त्यांना घरी पोचवून दुपारी पन्हाळा...

सेजल : लाव फोन. आणि पन्हाळा कुठे पळत नाही, तो किल्ला आहे.

चंद्रावती : तू रजा फुकट घालवू नकोस. मला तंबू पाहिजे, माणसं नकोत. योगेश आहे, मी आहे.

सेजल : तुम्ही अठ्ठ्याहत्तरच्या. खांब कोण ठोकणार, तुम्ही? आणि ह्याला एकट्याला तंबू उभा करता येत नाही, मी काल बघितलं. दोन तास लागले आणि दार वरती आलं.

गौरेश : ते कागदावरचं चित्र चुकीचं होतं.

सेजल : रजा आहे माझी. मला पाहिजे तिथे घालवीन. पण आजी, एक सांगून ठेवते. मी देवासाठी येत नाही. मला ते सगळं पटत नाही, आणि आजारी माणसाला घराबाहेर काढणारा कौल तर अजिबात नाही.

चंद्रावती : देवाने तुला बोलावलेलंही नाही. तिथे तुला कोणी आरती करायला सांगणार नाही. भांडी मात्र घासावी लागतील. आणि तेजस्विनी तुझ्या ह्या पँटकडे बघून तोंड वाकडं करील.

सेजल : करू दे. तिचं तोंड मी लग्नातच बघितलंय.

चंद्रावती : ते मात्र खरं आहे.

गौरेश : त्यांची खाट तंबूच्या दारातून जाणार नाही. लाकडी खाट रुंद असते. आपली लोखंडी घडीची खाट न्यायला लागेल, ती आत नेऊन उघडायची. मग गादी त्याच्यावर. हवा थोडी कमी भरायची, नाहीतर माणूस घरंगळतो.

चंद्रावती : बघ, डोकं आहे. आहे तर वापरत का नाहीस?

गौरेश : आणि गाडीत आजोबांना आडवं ठेवायचं तर पुढची एक सीटही पाडावी लागेल. म्हणजे चालवणाऱ्याशिवाय कोणी बसू शकणार नाही. तू कुठे बसणार?

चंद्रावती : मी चालत जाईन. ढोलाच्या मागून. दीड कोस काही लांब नाही.

सेजल : मी चालते तुमच्याबरोबर. पण त्यांना तयार कोण करणार? ते नाहीच म्हणाले तर?

चंद्रावती : म्हणेलच. हट्टी आहे. पण मी त्याला विचारणार नाही. विचारलं की माणसाला नाही म्हणता येतं. चार माणसांनी अंथरुणाचे चार कोपरे धरायचे आणि उचलायचं. त्या वेळी चार माणसं मिळाली नव्हती. आता मिळतायत की नाही, एवढंच मला बघायचं आहे. योगेश एक.

गौरेश : मी.

सेजल : मी तीन.

चंद्रावती : तू उचलशील?

सेजल : हरमलच्या घरात भाडेकरूंची कपाटं कोण उचलायचं वाटतं तुम्हाला? चौथा कोण?

चंद्रावती : तेजस्विनी. तोंड वाकडं करून का होईना, तिला धरायला लावते मी.

गौरेश : योगेशकाकांना काय सांगू? तंबूचं?

चंद्रावती : सांग, मी खोटं बोललो. त्याला राग येणार नाही. तो म्हणेल असू दे. तेच तुला जास्त लागेल.

सेजल : आजी, तिथे मोकळा माळ आहे ना? म्हणजे एका अंगाला ओहोळ आणि पलीकडे गाव, दुसऱ्या अंगाला सगळ्या झोपड्या. तंबू एकदा ठोकला की खाटेसकट फिरवता येणार नाही. आजोबांना पडल्या पडल्या दारातून गाव दिसलं तर बरं वाटेल का? दार कुठल्या बाजूला करायचं?

चंद्रावती : माणसं असतील त्या बाजूला.